परक्राम्य संलेख : धारकाचे हक्क व त्यांची अंमलबजावणी

परक्राम्य संलेख : विशिष्ट रक्कम मिळण्याचा हक्क ज्यात नमूद केलेला असतो आणि जो नुसत्या सुपूर्तीने किंवा पृष्ठांकन व सुपूर्ती यांनी एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाऊ शकतो, असा लेखी दस्तऐवज. व्यवहारात त्यास चलनक्षम दस्तऐवज असेही म्हणतात. वचनचिठ्ठी, विनिमयपत्र व धनादेश हे त्याचे तीन प्रकार १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात सांगितले असून हुंडी हा भारतीय प्रकार रूढीने चालत आलेला आहे.

सामान्य करारातील येणे दुसऱ्याच्या नावे करून दिल्यास घेणाऱ्यास मूळ धनकोपेक्षा अधिक हक्क मिळत नाही. ऋणकोचे मूळ धनकोविरुद्ध जे आक्षेप असतील, ते सर्व नव्या धनकोविरुद्धही चालतात. परक्राम्य संलेखाचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे. तो सद्भावनेने व मोबदला देऊन घेणाऱ्यास, देणाऱ्याच्या हक्कात दोष असला तरी, निर्दोष हक्क मिळू शकतो. कागदाच्या तुकड्यास पैशासारखे हातोहात फिरता यावे, यासाठी विधीने त्यास हे बळ दिले आहे. मात्र हे बळ तीन अटींवर अवलंबून असते : कागद विहित स्वरूपाचा असला पाहिजे, तो बाळगणाऱ्याची स्थिती विधीला मान्य असली पाहिजे आणि मागणीची प्रत्येक पायरी मुदतीत पार पडली पाहिजे. यांपैकी एक अट चुकली, तरी देणे खरे असूनही संलेखावरील हक्क दुबळा होतो किंवा बुडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात सावकारी पेढ्यांमार्फत हुंडीने रकमा पाठविण्याची पद्धत ब्रिटिश अमलापूर्वीपासून रूढ होती. मराठेशाहीत महसुलाचा भरणा व लष्कराचा खर्च यांसाठी हुंड्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होई. दाखविताच देय होणारी ती दर्शनी हुंडी व ठराविक मुदतीनंतर देय होणारी ती मुद्दती हुंडी. रक्कम कोणाला मागता येईल, यावरूनही हुंडीचे प्रकार पडत. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या ‘शाहा’सच मिळे, धनीजोग हुंडीची तिच्या धन्यास आणि नामजोग हुंडीची तीत नाव असलेल्यास किंवा त्याच्या आदेशानुसार मिळे. जोखमी हुंडीची रक्कम माल सुखरूप पोहोचला तरच देय होई. शाहजोग हुंडी खोटी किंवा चोरीची निघाल्यास रक्कम घेणाऱ्या शाहास ती परत करावी लागे. म्हणजे अनोळखी धारकाचा धोका बाजारातील पतीवर टाकला जाई. हुंडी गहाळ झाल्यास ‘पैठ’ व तीही गहाळ झाल्यास ‘परपैठ’ अशा दुय्यम प्रती देण्याची रीत होती. हुंडी नाकारली गेल्यास त्याच गावातील दुसऱ्या पेढीने ती सकारावी, अशी विनंती करणाऱ्या पत्रास ‘जिकरी चिठ्ठी’ म्हणत. [⟶ हुंडी].

भारतासाठी या विषयावरील विधीचा पहिला मसुदा १८६६ साली विधी आयोगाने तयार केला. बऱ्याच फेरबदलांनंतर तो ९ डिसेंबर १८८१ रोजी संमत होऊन १ मार्च १८८२ पासून अमलात आला. अधिनियमाच्या पहिल्याच कलमाने पौर्वात्य भाषांत लिहिलेल्या संलेखांबाबतच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या. त्यामुळे मराठी, मोडी किंवा महाजनी लिपीतील हुंडीस बाजारातील रूढी लागू राहिली. पक्षकारांस अधिनियम लागू करून घ्यावयाचा असल्यास तसे हुंडीतच लिहिणे आवश्यक ठरले. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. घटनेनुसार ‘भाग ब’ राज्यांत गणल्या गेलेल्या हैदराबाद राज्यास केंद्रीय अधिनियम १९५१ साली लागू झाला. गोव्यात तो १९६३ साली विस्तारित करण्यात आला.

स्वरूपविषयक आवश्यकता : वचनचिठ्ठीत विवक्षित रक्कम देण्याचे बिनशर्त लेखी वचन व वचन देणाऱ्याची सही असावी लागते. विनिमयपत्रात एक व्यक्ती दुसरीला तिसरीस किंवा आपणास रक्कम देण्याचा बिनशर्त आदेश देते. धनादेश म्हणजे बँकेवर काढलेले व मागणी करताच देय होणारे विनिमयपत्र होय. ‘पीक हाती आल्यावर देईन’ अशा वचनाने वचनचिठ्ठी होत नाही, कारण पीक येईलच याची खात्री नसते. असा लेख कराराचा पुरावा ठरू शकतो, संलेख मात्र ठरत नाही.

वचनचिठ्ठी व विनिमयपत्र यांवर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले असावे लागते. इतर बहुतेक दस्तऐवजांबाबत कमी भरलेले शुल्क दंडासह वसूल करून ते पुराव्यात घेता येतात; १८९९ च्या भारतीय मुद्रांक अधिनियमाने ही सवलत या दोहोंस दिलेली नाही. त्यामुळे योग्य मुद्रांक नसलेली वचनचिठ्ठी खरी असली, तरी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. धनादेशास मुद्रांक लागत नाही. रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया अधिनियम, १९३४ अन्वये वाहकास देय असणारी वचनचिठ्ठी खाजगी व्यक्तीस काढता येत नाही, कारण असा कागद नोटेची जागा घेऊ शकेल.

धारक : संलेख हातात असणे म्हणजे धारक असणे नव्हे. जी व्यक्ती स्वतःच्या नावे संलेखाचा ताबा ठेवण्यास व त्यावरील रक्कम वसूल करण्यास हक्कदार असते, तिलाच अधिनियम (कलम ८) धारक मानतो. चोरास किंवा सापडलेला धनादेश उचलणाऱ्यास हा दर्जा मिळत नाही. उलट संलेख हरवल्यास किंवा नष्ट झाल्यास, त्या वेळी जो हक्कदार होता तोच धारक राहतो. आदेशानुसार देय असलेला संलेख दुसऱ्याच्या हवाली करताना पाठीमागे सही करावी लागते. यास पृष्ठांकन म्हणतात. वाहकास देय असलेला संलेख केवळ सुपूर्तीने जातो. रक्कम धारकास किंवा त्याच्या वतीने अधिकार असलेल्या व्यक्तीस दिली, तरच देणारा दायित्वातून मुक्त होतो.

यथाविधि धारक : धारकांमध्ये यथाविधि धारकाचे स्थान सर्वांत भक्कम असते. त्यासाठी संलेख मोबदला देऊन घेतलेला असावा, त्यावरील रक्कम देय होण्यापूर्वी घेतलेला असावा आणि देणाऱ्याच्या हक्कात दोष असल्याचा संशय घेण्यास पुरेसे कारण नसताना घेतलेला असावा, अशा अटी कलम ९ मध्ये आहेत.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी येथील एका शेतकऱ्याचे कल्पित उदाहरण घेऊन हा भेद स्पष्ट करता येईल. त्याने पुण्याच्या एका व्यापाऱ्यास तूर विकून १,२०,००० रु.चा, आदेशानुसार देय असलेला धनादेश घेतला. हा धनादेश त्याने पृष्ठांकन करून बार्शीच्या खत-बियाणे विक्रेत्यास जुन्या बाकीपोटी दिला. पुढे तूर वजनात कमी भरली, अशी व्यापाऱ्याची तक्रार निघाली. शेतकऱ्याने स्वतः दावा केला असता, तर व्यापाऱ्यास हा आक्षेप घेऊन कमी मालापुरती रक्कम नाकारता आली असती, कारण ते दोघे व्यवहाराचे निकटचे पक्षकार होत. विक्रेत्याने मात्र मोबदला देऊन व तक्रारीची कल्पना नसताना धनादेश घेतला असल्याने त्याच्याविरुद्ध हा आक्षेप चालत नाही. यथाविधि धारकाकडून ज्याला संलेख मिळतो, त्यासही, तो स्वतः मूळ गैरप्रकारात सामील नसेल तर, तेवढाच हक्क मिळतो (कलम ५३).

या संरक्षणासही मर्यादा आहेत. खोट्या सहीने कोणासच हक्क प्राप्त होत नाही. रक्कम, तारीख यांसारख्या महत्त्वाच्या बाबीत संमतीशिवाय केलेला फेरफार, तो मूळ पक्षकारांचा समान हेतू पार पाडण्यासाठी केलेला नसल्यास, संमती न देणाऱ्याविरुद्ध संलेख शून्य ठरवितो (कलम ८७). धनादेशावर दोन आडव्या रेषांमध्ये ‘अपरक्राम्य’ असे लिहिलेले असल्यास तो पुढे देता येतो, पण घेणाऱ्यास देणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही. ‘फक्त आदात्याच्या खाती’ असे रेखांकन असल्यास बँका ती रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा करीत नाहीत. आज बहुसंख्य धनादेश याच स्वरूपाचे असल्याने धनादेशाचे हातोहात फिरणे पुष्कळ कमी झाले आहे आणि मूळ आदाता हाच बहुधा हक्क बजावणारा असतो. [⟶ धनादेश].

गृहीतके : संलेखावर दावा करणाऱ्यास आरंभीच मोठी सवलत मिळते. संलेख मोबदल्यासाठी काढला आहे, त्यावरील तारीख खरी आहे, पृष्ठांकने दिसतात त्या क्रमाने झाली आहेत आणि धारक हा यथाविधि धारक आहे, असे न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते (कलम ११८). संलेख अपराधाने, कपटाने किंवा बेकायदेशीर मोबदल्यासाठी मिळविला गेल्याचे दिसल्यास मात्र आपण यथाविधि धारक आहोत, हे सिद्ध करण्याचा भार धारकावर येतो.

दिवाणी उपाय : धनादेश न वटल्यास तो काढणाऱ्याने व पृष्ठांकन करणाऱ्यांनी धारकास भरपाई देणे लागते, मात्र त्यांना अनादराची सूचना वाजवी वेळेत मिळावी लागते. वरील उदाहरणात धनादेश परत आल्यास विक्रेता व्यापाऱ्यावर व सूचना देऊन शेतकऱ्यावरही दावा करू शकतो. धारकास बँकेवर सहसा दावा करता येत नाही. खात्यात पैसे असतानाही बँकेने धनादेश नाकारला, तर ती आपल्या खातेदारास जबाबदार असते, धारकास नव्हे (कलम ३१). संलेखात व्याजदर नमूद नसल्यास, १९८८ च्या दुरुस्तीपासून, रक्कम देय झाल्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. १८ दराने व्याज मागता येते. पूर्वी हा दर ६ होता.

विनिमयपत्र, हुंडी, वचनचिठ्ठी व धनादेश यांवरील दाव्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशात संक्षिप्त दाव्याची तरतूद आहे. यात प्रतिवादीस बचावाचा हक्क आपोआप मिळत नाही. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत त्याने हजर व्हावे लागते व नंतर विचारात घेण्याजोगा बचाव आहे असे दाखवून न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. अन्यथा वादीस हुकूमनामा मिळतो. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. मागणी करताच देय असलेल्या साध्या वचनचिठ्ठीबाबत ही मुदत मागणीच्या नव्हे, तर चिठ्ठीच्या तारखेपासून मोजली जाते. मागणी केलेली नाही म्हणून मुदत शिल्लक आहे, या समजुतीने अनेकांचे येणे मुदतबाह्य होते. मुदतीच्या आत ऋणकोने देणे लेखी मान्य केल्यास किंवा काही रक्कम भरून तशी स्वाक्षरी केल्यास मुदत नव्याने सुरू होते.

फौजदारी उपाय : धनादेशाची विश्वासार्हता वाढावी, म्हणून १९८८ च्या दुरुस्तीने कलमे १३८ ते १४२ अधिनियमात घालण्यात आली, ती १ एप्रिल १९८९ पासून अमलात आली. विधितः वसूल करता येण्याजोग्या देण्यापोटी काढलेला धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत येणे व सूचनेनंतरही रक्कम न देणे, हा अपराध ठरला. खाते बंद करणे किंवा रक्कम देऊ नये असे बँकेस कळविणे यांनी या तरतुदीतून सुटता येत नाही, असे न्यायालयांनी ठरविले आहे. शिक्षा पूर्वी एक वर्षापर्यंत कारावासाची होती. २००२ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत वाढली. धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंडही होऊ शकतो. हा उपाय केवळ धनादेशास लागू आहे, वचनचिठ्ठीस नाही. आणि लेखी तक्रार फक्त आदाता किंवा यथाविधि धारक करू शकतो.

या उपायाचे यश तारखांवर अवलंबून असते. धनादेश त्याच्या वैधतेच्या काळात बँकेत भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१२ पासून हा काळ सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचा आहे. सोनारीच्या शेतकऱ्याने धनादेश स्वतःच्याच खात्यात भरला व तो न वटल्याचे बँकेने त्यास ५ जुलै रोजी कळविले, असे मानल्यास त्याने ३० दिवसांत, म्हणजे ४ ऑगस्टपर्यंत, रकमेची मागणी करणारी लेखी सूचना पाठविली पाहिजे. व्यापाऱ्यास ती ८ ऑगस्टला मिळाल्यास त्यास पैसे देण्यासाठी १५ दिवस, म्हणजे २३ ऑगस्टपर्यंत वेळ असतो. त्या मुदतीत पैसे न आल्यास २४ ऑगस्टला तक्रारीचे कारण उद्भवते व २४ सप्टेंबरपर्यंत तक्रार दाखल करता येते. पंधरा दिवस संपण्यापूर्वी केलेली तक्रार अपक्व ठरते. उशिरा आलेली तक्रार पुरेसे कारण दाखविल्यास न्यायालय दाखल करून घेऊ शकते. वैधता शिल्लक असेपर्यंत धनादेश पुन्हा भरता येतो व नंतरच्या अनादरावरही तक्रार करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. सूचना पाठविण्यात झालेला विलंब मात्र हा उपाय बहुधा कायमचा हिरावून घेतो. मग दिवाणी दावा एवढाच मार्ग उरतो.

न्यायक्षेत्र : तक्रार कोठे करावयाची, हा प्रश्न ग्रामीण धारकाच्या दृष्टीने कळीचा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात असे ठरविले, की ज्या बँकेवर धनादेश काढला आहे व जिने तो नाकारला, त्या बँकेच्या ठिकाणच्या न्यायालयातच तक्रार चालेल. तक्रारदाराने सोयीचे गाव निवडून आरोपीस त्रास देऊ नये, हा यामागील विचार होता. परंतु या निर्णयाने आदात्याचा भार वाढला. वरील शेतकऱ्यास प्रत्येक तारखेस परंडा तालुक्यातून पुण्यास जावे लागले असते व प्रवासखर्चानेच लहान रकमेचा दावा परवडेनासा झाला असता. १५ जून २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा नियम बदलला. आता धनादेश खात्यामार्फत भरलेला असल्यास आदात्याचे खाते ज्या शाखेत असेल, तेथील न्यायालयास अधिकार असतो. त्यामुळे परंड्याच्या शाखेत खाते असलेला शेतकरी परंड्याच्याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. धनादेश थेट खिडकीवर मांडला असल्यास मात्र तो ज्या शाखेवर काढला आहे, तेथेच जावे लागते.

कोरा धनादेश व सावकारी कर्ज : संलेखाचे बळ दुधारी असते, हे कर्जाच्या व्यवहारात दिसते. कर्ज देताना सही केलेला कोरा धनादेश किंवा कोरी वचनचिठ्ठी तारण म्हणून घेण्याची प्रथा ग्रामीण व नागरी दोन्ही भागांत आढळते. मुद्रांकित पण अपुरा संलेख सही करून देणारा, तो पुरा करण्याचा अधिकार धारकास देतो, असे कलम २० मानते. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशातील मजकूर दुसऱ्याने भरला, एवढ्यावरून सही करणारा सुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. धनादेश देण्यापोटीच काढला होता, हे कलम १३९ अन्वये गृहीत धरले जाते व गृहीतक खोडून काढण्याचा भार आरोपीवर पडतो.

तथापि हा भार फौजदारी खटल्यातील सरकार पक्षाइतका जड नाही. बचाव अधिक संभाव्य आहे, एवढे दाखविणे पुरते आणि त्यासाठी तक्रारदाराच्याच पुराव्याचा आधार घेता येतो. धनादेश दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल व ती धनादेशावर नोंदविली नसेल, तर पूर्ण रकमेचा धनादेश न वटल्याने कलम १३८ खालील अपराध होत नाही, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. फेडीच्या पावत्या जपून ठेवणे म्हणूनच ऋणकोच्या हिताचे असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये कर्ज देतेवेळी वैध परवाना नसलेल्या सावकारास न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही. परक्राम्य संलेखाच्या आधारे दिलेल्या मोठ्या रकमा या अधिनियमाच्या व्याप्तीतून वगळल्या असल्या, तरी ती सूट वचनचिठ्ठीस लागू नाही. वचनचिठ्ठी लिहून घेतली म्हणजे परवान्याची गरज संपली, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. [⟶ सावकारी].

सद्यःस्थिती : फौजदारी तरतुदीचा हेतू पैसे मिळवून देण्याचा असला, तरी तिच्या वापराने न्यायालयांवर मोठा भार पडला. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लक्ष खटले कलम १३८ खालील होते. यावर उपाय म्हणून २००२ साली हा अपराध तडजोडयोग्य करण्यात आला. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असताना धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. शिक्षेविरुद्ध अपील करणाऱ्यास दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरण्याचा आदेशही देता येतो. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोडीस उत्तेजन देणारी नवी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार आरोपीने बचावाचा पुरावा नोंदविला जाण्यापूर्वी रक्कम दिल्यास त्यास जादा खर्च सोसावा लागत नाही.

बँक खात्यातून परस्पर रक्कम वळती करण्याचा इलेक्ट्रॉनिक आदेश पुरेशा रकमेअभावी परत गेल्यास, प्रदान व समायोजन प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ अन्वये धनादेशाप्रमाणेच शिक्षा होऊ शकते. मात्र असा आदेश पृष्ठांकन करून तिसऱ्याच्या हाती देता येत नाही. त्यात शिक्षेचे भय आहे, परक्राम्यता नाही. यथाविधि धारकाचा निर्दोष हक्क अद्याप फिरत्या कागदाशीच जोडलेला आहे.